मेट्रन मॅडम, घेतला म्हणा

आमच्या हॉस्पिटलातली एक पद्धत आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. सकाळी पाळी बदलते तेव्हा रात्रीच्या सिस्टरने दिवसाच्या मुलींना घेऊन प्रत्येक पलंगापाशी उभं राहायचं आणि पेशंट त्यांच्या ताब्यात द्यायचा. ताप किती, सलाईन कुठलं, रात्री काय झालं, आज कशावर लक्ष ठेवायचं. याला हँडओव्हर म्हणतात. ऐकून झालं की सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, "घेतला." हा शब्द कानावर पडल्याशिवाय देणारीची जबाबदारी संपत नाही आणि तिला वॉर्ड सोडता येत नाही. हा नियम मेट्रन मॅडमचा. एक सिस्टर घाईत तशीच निघून गेली होती, तर मॅडमनी तिला बसस्टॉपवरून परत बोलावलं आणि पहिल्या पलंगापासून पुन्हा सुरुवात करायला लावली.

आम्ही त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलच्या मुली, तिसरं वर्ष. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस वॉर्ड. तो शब्द आमच्या जिभेवर असा बसलाय की हॉस्टेलमध्ये कुणी "माझी बादली नळाखाली लाव गं" म्हटलं तरी तोंडातून "घेतला" निघतं.

तर त्या सकाळी शेवटचा पलंग झाला. रात्रीच्या सिस्टरऐवजी मॅडम स्वतः हँडओव्हर देत होत्या, आठवड्यातले बरेच दिवस देतात. आम्ही पांगणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांबा, अजून एक राहिली. ही आपली तिसऱ्या वर्षाची." त्यांनी बोट दाखवलं. "हिला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत. इंजेक्शनच्या ट्रॉलीपाशी हिला फिरकू द्यायचं नाही. पेशंटजवळ एकटं सोडायचं नाही. सगळ्यांनी नजर ठेवा."

आणि आम्ही सगळ्यांनी, अगदी मीसुद्धा, एका सुरात म्हटलं, "घेतला."

शब्द तोंडातून सुटला आणि स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली. जिच्याबद्दल हे चाललं होतं ती माझ्या शेजारी उभी होती, हातात ब्लडप्रेशरचं मशीन धरून. ती माझी खोलीतली सोबतीण. आम्ही तिला गोगलगाय म्हणतो. बोलायला संथ, जेवायला संथ, चालायला संथ, पण जिथून जाईल तिथे काम चकचकीत करून जाईल. मला मिरची म्हणतात. का, ते कळेलच.

गोगलगायीने मशीन हळूच ट्रेमध्ये ठेवलं. मागच्या पलंगावरच्या पेशंटचा भाऊ टक लावून बघत होता. दुपारपर्यंत दोन नातेवाइकांनी "दुसरी सिस्टर पाठवा" असं सांगितलं. ती ट्रेजवळून उठली की पहिल्या वर्षाच्या मुली कात्र्या मोजायच्या. अगं मोजता कसल्या? तुम्हाला कात्री धरायला शिकवली कुणी? तिनेच ना!

डोक्याच्या गोळ्या म्हणे. पोटाच्या गोळ्या घेतल्या तर माणूस आजारी, आणि डोक्याच्या घेतल्या की चोर. हा कुठला न्याय?

या गोळ्यांपर्यंत ती कशी पोहोचली ते मला माहीत आहे. मागच्या वर्षी ती न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आम्हाला वाटायचं कपडे धुतेय. मग जेवण सुटलं, झोप सुटली. एकदा पेशंटची नाडी बघता बघता तिचा आकडाच हरवला आणि तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं, तेही चारदा. एका सुट्टीच्या दिवशी ती कुणालाही न सांगता बसने गेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंकडे. परत आली तेव्हा मला म्हणाली, "मिरचे, मला उदासीचा आजार आहे. बरा होतो म्हणाल्या. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत एवढंच. ड्यूटीला काही हरकत नाही."

आणि खरंच बरं वाटायला लागलं तिला. हळूहळू, तिच्याच चालीने. एका संध्याकाळी ती माझ्या विनोदावर हसली. माझे विनोद इतके टुकार असतात की तेव्हाच मी ओळखलं, औषध लागू पडलंय. वॉर्डात पायाच्या जखमेची एक शिंपीणबाई होती, साखरेने पाय सडत आलेला. ती डॉक्टरांनासुद्धा हात लावू देत नसे, पण गोगलगायीने ड्रेसिंग केलं की डोळे मिटून पडून राहायची. "हिचा हात हलका आहे, टाचणी टोचली तर कळत नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मग त्या हँडओव्हरच्या आदल्या दिवशी मॅडमनी हॉस्टेलमधली कपाटं तपासली. शोधत होत्या विजेच्या शेगड्या. शेगडी माझ्या कपाटात होती, ती त्यांना सापडली नाही. तिच्या कपाटात गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी मिळाली. दोन्ही त्यांनी उचललं आणि वॉर्डातल्या औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं, जशी पेशंटची ठेवतात तशी. "रोज माझ्याकडे यायचं, मी माझ्या हाताने देईन," म्हणाल्या. किल्ली त्यांच्या कमरेला.

आता मॅडम कधी मीटिंगमध्ये, कधी राउंडला, कधी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत. गोगलगाय दारात उभी राहायची. पहिल्या दिवशी गोळी संध्याकाळी मिळाली. दुसऱ्या दिवशी मिळालीच नाही. मग मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरांशी माझं बोलणं होईपर्यंत थांब, तसंही या गोळ्यांची सवय लागते." बोलणं काही झालं नाही. बाहेर जाऊन दुसरी पट्टी आणावी तर चिठ्ठी कुलपात, तिच्यावरचा डॉक्टरीणबाईंचा नंबरही कुलपात, आणि गेटपासही बंद करून टाकलेला, काळजीपोटी!

चार-पाच दिवसांत तिला चक्कर यायला लागली. झोप उडाली. मान वळवली की डोक्यात चटका बसल्यासारखं व्हायचं. हात कापायचे. हे कशाने होतं ते आम्हाला वर्गात शिकवलंय, असली गोळी एकदम तोडली की होतं. आणि मॅडम काय म्हणाल्या माहीत आहे? तिचे कापणारे हात सगळ्यांना दाखवून म्हणाल्या, "बघा, म्हणूनच मी सांगत होते."

चोराच्या उलट्या बोंबा! आपणच पाय मोडायचा आणि वर म्हणायचं, बघा कशी लंगडते. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तडक मॅडमच्या केबिनमध्ये घुसले, दारावर टकटकसुद्धा केली नाही.

"तुम्ही तिची औषधं बंद केलीत! ती मागच्या वर्षी जीव द्यायचा विचार करत होती, ठाऊक आहे का तुम्हाला? गोळ्यांनी वाचली ती!"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "असं?" म्हणाल्या. "हे मला ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंस."

आणि माझ्यासमोरच त्यांनी गोगलगायीच्या आईला फोन लावला. "मुलीला घेऊन जा. इथे आम्हाला एवढी जोखीम घेता येणार नाही."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. तिची वॉर्डातली ड्यूटी काठावर भरत होती. आता घरी गेली तर ड्यूटी कमी पडणार, शेवटच्या परीक्षेला बसू देणार नाहीत, वर्ष गेलं. आणि एकदा असं घरी पाठवलेली मुलगी परत येते थोडीच? आमच्या आधीच्या वर्गातली एक गेली होती. तिच्या कॉटवर आता गाद्या रचून ठेवलेल्या आहेत.

खोलीवर गेले तर गोगलगाय पलंगाच्या कडेला बसली होती. आईचा फोन येऊन गेला होता. आई आधी म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" आणि लगेच पुढे, "अजून कुणाकुणाला कळलंय?"

"तू मॅडमना काय सांगितलंस?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. तिने पलंगावरच्या बेडशीटची चुणी सरळ केली. मग म्हणाली, "ते मी फक्त तुला सांगितलं होतं."

"अगं पण मी तुझ्यासाठीच..."

"मॅडमही माझ्यासाठीच करतायत. त्याही माझ्या डोक्यावरून बोलतात, तूही. मला विचारलं कुणी? मी काय बेडशीट आहे, दोघींनी दोन टोकं धरून झटकायला?"

तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतला किडा आला. किडा म्हणजे मुलगीच, पण पुस्तकातून डोकं वर काढत नाही म्हणून किडा. बगलेत तिसऱ्या वर्षाचं जाडजूड पुस्तक होतं. "रुग्णाचे हक्क" हा धडा उघडून ती वाचायला लागली. रुग्णाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नये. उपचारांचा निर्णय रुग्णाला विचारून घ्यावा. मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच आजार आहे. हाच प्रश्न आम्हाला चाचणीत आला होता. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते आणि मॅडमनी लाल पेनाने "उत्तम" लिहिलं होतं. उत्तम! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. लिहिताना माझ्याही मनात कुठे आलं होतं, की हे खरंच कुणाला तरी लागू असतं?

"तुला काय हवंय?" किड्याने गोगलगायीला विचारलं. इतक्या दिवसांत हे विचारणारी ती पहिली.

गोगलगायीने विचार केला. "माझ्या गोळ्या माझ्या हातात. माझी ड्यूटी. आणि माझ्याबद्दल काही बोलायचं असेल तर आधी मला विचारायचं. बस."

"मग हेच मॅडमना सांग. पण तू सांग. हिला नेऊ नकोस," माझ्याकडे बघून किडा म्हणाला.

आम्ही तालीम केली. मी मेट्रन झाले. कमरेला कपाटाच्या किल्ल्या अडकवल्या, उशी पोटाशी बांधली, आणि "बाळ, तुझ्या भल्यासाठीच" असं नाकातून म्हणाले. गोगलगाय पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा रडली, तिसऱ्यांदा हसली, कारण उशी घसरली. चौथ्यांदा मात्र तिने तिन्ही गोष्टी न थांबता सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली. किडा सोबत, मी दाराबाहेर. दार अर्धवट उघडं होतं, मी काही कानात बोळे घातले नव्हते, डोळेही मिटले नव्हते.

तिच्या तिन्ही गोष्टी ऐकून मॅडम गोड बोलल्या. "बाळ, उद्या तुला काही झालं तर जबाबदार कोण? मीच ना?"

"मॅडम, वॉर्डातल्या दोन सिस्टर शुगरच्या गोळ्या घेतात. त्यांच्या गोळ्या कुलपात ठेवता का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"वेगळं म्हणजे वेगळं." मॅडमच्या टेबलावर, चहाच्या बशीत, त्यांची स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी ठेवलेली होती. आमच्यासमोरच त्यांनी ती तोंडात टाकली, वरून पाणी प्यायल्या. "हे बघ, आई उद्या सकाळी येतेय. सामान बांधून ठेव. तू गरीब गाय दिसतेस, पण गोगलगाय नि पोटात पाय! इतके दिवस लपवलंसच ना माझ्यापासून?"

लपवलं! सांगितलं असतं तर हार घालणार होतात का?

संध्याकाळी मेसमध्ये आमच्या वॉर्डच्या सगळ्या मुली एका टेबलावर बसल्या. गोगलगाय उभी राहिली. टेबलाची कड तिने घट्ट धरली होती, हात कापत होते म्हणून.

"उद्या मॅडम माझं नाव घेतील. रोज घेतात. तुम्ही रोज 'घेतला' म्हणता. उद्या म्हणू नका. एवढंच करा, बाकी मी बोलेन."

कुणी मान वर करेना. मग पहिल्या वर्षाची एक म्हणाली, "ताई, मी कात्र्या मोजायचे. मला नव्हतं मोजायच्या. पण 'घेतला' म्हटलं होतं ना."

"माहीत आहे," गोगलगाय म्हणाली. "आणि मिरचे, तू तर चकार शब्द काढायचा नाहीस."

सकाळी तिची आई वॉर्डाच्या दारात उभी होती. काखेत घडी घातलेली रिकामी पिशवी, मुलीचं सामान भरायला आणलेली. मॅडमनी तिला खुणेने थांबायला सांगितलं आणि पहिल्या पलंगापासून सुरुवात केली. पेशंटचा काय दोष? एकेका पलंगापाशी आम्ही नीट ऐकलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "घेतला." शिंपीणबाईचा पलंग शेवटचा. तिचाही घेतला.

"आणि आपली तिसऱ्या वर्षाची," मॅडम म्हणाल्या. "आज घरी जातेय. जाईपर्यंत तिला एकटं सोडू नका."

कुणी काही बोललं नाही.

मॅडमनी कागदांवरून नजर उचलली. पहिल्या वर्षाच्या मुलीच्या तोंडून "घे..." निसटत होतं, किड्याने तिच्या पायावर पाय दिला. मी दातांखाली ओठ धरून ठेवला होता. आयुष्यात एवढे कष्ट मी कधी केले नसतील.

"ऐकू आलं नाही का? घेतला म्हणा."

गोगलगाय रांगेतून पुढे आली. "मॅडम, हा हँडओव्हर या मुली घेणार नाहीत. तो माझा आहे. मी देते."

आणि तिने दिला. पलंगापाशी देतात तसाच, त्याच आवाजात, तिच्या त्या संथ चालीने.

"पेशंट तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. उदासीचा आजार, उपचार चालू, सुधारणा चांगली. गोळ्या कुलपात गेल्यापासून चक्कर, झोप नाही, हात कापतात. हे गोळ्या अचानक तुटल्यामुळे, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंय. आज करायचं ते असं. पट्टी आणि चिठ्ठी पेशंटच्या हातात द्यायची. पुन्हा कशा सुरू करायच्या ते पेशंट स्वतः तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारेल. ड्यूटीला डॉक्टरांची हरकत नाही. कुणाला शंका असेल तर पेशंटला विचारावं, ती शुद्धीवर आहे आणि समोर उभी आहे. बाकीचं तिचं खाजगी." तिने श्वास घेतला. "संपलं. घेतला म्हणा, मॅडम."

"हा काय तमाशा लावलाय? आई बाहेर थांबलीय तुझी. चल, निघ."

"निघता येत नाही मला. समोरच्याने 'घेतला' म्हटल्याशिवाय देणाऱ्याला वॉर्ड सोडता येत नाही. नियम तुमचाच आहे."

मॅडमचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी रात्रीच्या सिस्टरकडे पाहिलं, ती खिडकीकडे बघत होती. आमच्याकडे पाहिलं. शिंपीणबाई उशीवरून मान उचलून म्हणाली, "अहो बाई, म्हणून टाका की एकदाचं. पोरीला कामाला लागू दे, माझं ड्रेसिंग खोळंबलंय."

मॅडमनी हातातले कागद पुन्हा चाळायला घेतले. मग दारातून आवाज आला. गोगलगायीची आई आत आली होती. पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती.

"मॅडम, मी चार बुकं शिकलेली नाही. पण ती काय म्हणाली ते मला सगळं कळलं." ती थांबली. "तुम्हाला नाही कळलं का?"

मॅडमचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. त्यांनी ती आकड्यातून काढली, कपाट उघडलं, पट्टी आणि चिठ्ठी आणून गोगलगायीच्या हातावर ठेवली. आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या.

"मॅडम," गोगलगाय म्हणाली, "मोठ्याने म्हणायचं असतं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. सलाईन लावलेले, प्लास्टर घातलेले, सगळे.

"घेतला," मॅडम मोठ्याने म्हणाल्या.

माफी त्यांनी मागितली नाही. आजतागायत मागितलेली नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. जाऊही नये. गोगलगायीने मात्र वाट बघितली नाही. दाराशी जाऊन तिने डॉक्टरीणबाईंना फोन केला, आईला बाकावर बसवलं, पट्टी गणवेशाच्या खिशात टाकली आणि किड्याला म्हणाली, "हात अजून कापतायत. आज ड्रेसिंग तू कर, मी शेजारी उभी राहून सांगते." मग कुणाचाही पहारा नसताना, ती एकटी ट्रॉलीपाशी गेली आणि ट्रॉली ढकलत शिंपीणबाईकडे घेऊन आली.